बारा ते साडेबारा

पट्टा फिरत होता. नगराळ्यांची ज्वारी अर्धी दळून झाली होती,
आणि अंशुल तुरीच्या शेंगा खात खात
शाळेतली एक लांबलचक गोष्ट ओरडून सांगत होता.
चक्कीत ओरडूनच बोलावं लागतं.

गोष्ट मध्येच तुटली.
तोंड उघडंच, आधी आवाज नाही,
मग मोटरच्याही वरचा आवाज.

पिठाच्या हातानं मी त्याची हनुवटी धरली.
शेंगेचा हिरवा चोथा, लाळ, आणि रक्त. केवढं रक्त!
जिभेचं रक्त जखमेपेक्षा मोठं दिसतं,
हे मला ठाऊक होतं. तरी पाय लटपटले.

"कितीखेप सांगतलं, खाताना बोलू नोको"
हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं.
ते मी परत गिळलं.
ज्याची जीभ दुखतेय
त्याला आणखी जिभेनं काय मारायचं?

खटका दाबला. मोटर थांबली.
माठातल्या पाण्यानं दोन चुळा.
माझ्या पदरात पीठच पीठ, म्हणून सत्यभामाबाईनं
पिशवीतून धुतलेला रुमाल काढून दिला.
तो ओला करून दाबून धरला जिभेवर,
भिंतीवरच्या घड्याळात बघत,
दहा मिनिटं.
मधूनमधून उचलून बघायचं नाही.
हेच सगळ्यात अवघड.

फाक उघडी दिसली असती, रक्त थांबलंच नसतं,
तर नगराळ्यांची ज्वारी तशीच टाकून
दारव्ह्याची एसटी धरली असती.
पण रुमाल काढला तेव्हा
ज्वारीच्या दाण्याएवढी खूण होती फक्त, कडेला.

चक्कीच्या दगडांना टाकी लावली
की पहिलं दळण कुणाचं घेत नाही मी.
पसाभर भरड टाकून
दोन दगडांची ओळख करून द्यावी लागते.
अंशुलच्या तोंडात दिवाळीपासून
मागं नव्या दाढा बसताहेत, पुढचे दोन दात पडलेत.
जीभ बिचारी रिकाम्या जागेत डोकावते,
नव्या दगडाला हात लावून बघते,
कुठं थांबायचं ते तिला अजून कळलेलं नाही.
वरून घाई. वरून गोष्ट.

"रडू नोको रे राजा," सत्यभामाबाई पिशवी बांधता बांधता म्हणाली,
"जीभ चावली म्हंजे कोणीतरी आठोन काढली असंन."
"बाबानं," अंशुल म्हणाला, रुमालातूनच,
एका क्षणाचाही विचार न करता.

देवानंद बुटीबोरीच्या कंपनीत आहे.
महिन्यातून एक रविवार येतो, तोही झोपूनच जातो.

रात्री ठेचा फळीवरच ठेवला.
ताकातल्या कण्या, गार करून, बिनातिखटाच्या,
टीव्ही बंद, मांडी घालून, लहान लहान घास.
घास संपला की गोष्टीचं एक वाक्य.
मग दुसरा घास.
अशी ती शाळेतली गोष्ट पाऊण तास चालली,
आणि मला पहिल्यांदाच कळलं
की तिच्यात एक सरडा होता.

झोपताना त्यानं विचारलं,
"आई, मी आठोन काढली का बाबाची बी चावते?"
मी ताटल्या विसळत होते.
"चावत असंन," म्हणाले. न ऐकल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटली
आणि तो चक्कीच्या पायरीवर येऊन बसला.
शेंगा नाहीत, गोष्ट नाही,
नजर घड्याळावर.
"काऊन रे, दुखते का?"
त्यानं मान हलवली.
"बाबाची डब्याची सुट्टी हाय.
बारा ते साडेबारा मी त्याची आठोन नाही काढत."

मी पट्टा चढवला, मोटर सुरू केली,
आणि साडेबारापर्यंत
फक्त लोकांची दळणं मोजली.